भरारी

गच्चीवर कुरडयांची राखण करत बसले होते, तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन. "ताई, पोरीच्या फ्लेक्सवर टाकायला दोन ओळी दे. एकदम झकास पाहिजेत. तू मराठीची बाई ना!"

मराठीची बाई असण्याचे हे भोग. लग्नपत्रिकेतल्या 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं'पासून सेवानिवृत्तीच्या मानपत्रापर्यंत सगळं आमच्याकडे येतं. पण यावेळचं कारण खरंच आनंदाचं होतं. भाची तलाठ्याच्या परीक्षेत पास झाली. (तलाठी म्हटलेलं तिला आता चालत नाही. त्या पदाला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. पण गावाला एवढं लांब म्हणायला वेळ नाही.)

पाठोपाठ भावाने फ्लेक्सवाल्याचा नमुना व्हॉट्सॲपवर पाठवला. निळंशार आकाश, त्यात पांढऱ्या डोक्याचा, पिवळ्या चोचीचा एक गरुड पंख पसरून आमच्या भाचीच्या पासपोर्ट फोटोवर उतरतोय, आणि वर सोनेरी अक्षरांत 'गगनभरारी!' खाली शुभेच्छुक. मोजले, चौदा फोटो. त्यातले अकरा मी ओळखत नाही आणि माझी खात्री आहे की भाचीही ओळखत नाही.

तो गरुड अमेरिकेतला. आपल्या अख्ख्या देशात तो कुठे आढळत नाही, पण महाराष्ट्रातल्या फ्लेक्सांवर सगळ्यात जास्त दिसणारा पक्षी बहुधा तोच असावा. मुख्यतः मासे खातो, आणि दुसऱ्या पक्ष्याने मेहनतीने पकडलेला मासा हवेतल्या हवेत हिसकावून घेण्याबद्दल त्याची ख्याती आहे. एका परीने शुभेच्छुकांच्या रांगेवर तो शोभूनही दिसत होता.

"गगनभरारी सोडून दुसरं काही नाही का?" मी विचारलं.

"आहे ना. उत्तुंग भरारी आहे, गरुडझेप आहे. कोणतं टाकू?"

मी म्हटलं, थांब, संध्याकाळी सांगते. आणि फोन ठेवून कुरडयांकडे बघत बसले. म्हणजे बघायचं कुरडयांकडे होतं, पण नजर वर गेली.

भरारी हा शब्द मला लहानपणी फार आवडायचा. आता त्याची दया येते. निकालाच्या दिवसांत त्याला क्षणाची उसंत नसते. शाळेने भरारी घेतली, जिल्ह्याने घेतली, बचत गटाने घेतली, सेन्सेक्सने घेतली. टोमॅटोचा भावसुद्धा भरारी घेतो, आणि टोमॅटोवाल्याला मात्र त्या दिवशी मार्केटात न्यायला टोमॅटोच उरलेला नसतो. 'काय कल्पनेची भरारी आहे!' असं कोणी म्हटलं तर ते कौतुक आहे की 'थापा मारू नकोस' आहे, हे बोलणाऱ्याच्या भुवईवरून ओळखायचं.

पण त्या शब्दाचं बाळपण बघा. मूल बोलायला लागलं की आई, बाबा, मम्म यांच्या मागोमाग 'भुर्र' येतं. चिऊ भुर्र उडाली इथून सुरुवात होते आणि दोन दिवसांत भुर्र म्हणजे चपला घालून घराबाहेर जाणं असा अर्थ ते पोर स्वतःच ठरवून टाकतं. भुर्र जरा वयात आला की भर्र होतो. भर्रकन गेला, भराभर आवरलं. आणि भर्रचंच पुढे शिकूनसवरून भरारी झालं असावं, असा माझा आपला कयास. मुळात तो पंखांचा आवाज. पारव्यांचा थवा एकदम उठला की होतो तो. ज्वारीच्या धसकटांतून चालताना पायाशी तितर उडतो तेव्हा काळजात धस्स करणारा तो भर्र.

गंमत अशी की जो भर्र करतो तो भरारी घेत नाही. तितर भर्र करून उडतो आणि पुढच्या बांधापाशी खाली बसतो. आणि जिला भरारी म्हणावं, ती घार, तिच्या पंखांचा आवाज मी अजून ऐकलेला नाही.

आमच्या गच्चीसमोर मोबाइलचा टॉवर आहे. त्यावर घारीचं घरटं आहे. काटक्या, वायरीचे तुकडे, प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चिंध्या. लांबून बघितलं तर वाटतं टॉवरच्या मजुरांनी कचरा तिथेच टाकला. सकाळी सात वाजता मी कुरडयांचा चीक घोटत असते तेव्हा ती टॉवरवर नुसती बसलेली असते, खांदे पाडून, पेन्शनीला आलेल्या माणसासारखी. आठला बसलेली. नऊला पंख जरासे सैल करून बसलेली. दहाच्या सुमारास खालचा डांबरी रस्ता तापतो, शेजारच्या गोडाऊनचे पत्रे तापतात, आणि मग ती उठते. चार-सहा वेळा पंख मारते, तेही आळसातच, गोडाऊनच्या डोक्यावर येते आणि तिथे पंख पसरून गोल फिरायला लागते. त्यानंतर पंख मारणं बंद. पहिला गोल टॉवरच्या उंचीचा, दुसरा त्याच्या वर, पाचव्या-सहाव्या गोलाला माझी मान दुखते. फक्त शेपूट हलत असतं. मध्ये खाच असलेलं ते शेपूट ती हातातला पंखा फिरवावा तसं डावीउजवीकडे कलवते, बास.

हे कसं चालतं ते आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांनी मला एकदा खडूने फळ्यावर काढून दाखवलं होतं. ऊन सगळीकडे सारखं पडलं तरी जमीन सारखी तापत नाही. पत्रे, डांबर, नांगरलेलं काळं रान लवकर तापतं, झाडी आणि पाणी उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन वर निघते. घार त्या वर चढणाऱ्या हवेत शिरते आणि तिच्यातून बाहेर पडू नये म्हणून गोल फिरते. सरळ गेली तर दोन क्षणांत पलीकडे निघून जाईल. हडपसरला ग्लायडर उडवतात तेही याच हवेवर. त्यांना इंजिन नसतं, त्यामुळे घारी कुठे फिरताहेत यावर त्यांचं लक्ष असतं.

इथवर मला माहीत होतं. सरांनी पुढे जे सांगितलं ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "बाई, घार वर चढत नाही. पंख न मारता कोणी वर कसं चढेल? ती सारखी खालीच घसरत असते. फक्त ती जितकी घसरते त्याच्यापेक्षा जास्त वेगाने हवा वर जात असते." मॉलमध्ये वर जाणाऱ्या सरकत्या जिन्यावर एखादं कार्टं सावकाश खाली उतरत असतं, तरी वरच पोचतं, तसं. म्हणजे आपण ज्याला भरारी म्हणतो ते शांतपणे घसरणं असतं. जागा तेवढी बरोबर सापडलेली असते.

तेव्हापासून 'पंखात बळ' असं लिहिलेलं शुभेच्छापत्र दिसलं की मला ते खाली पाडलेले खांदे आठवतात.

जनाबाईंनी हे नीट बघितलं होतं. त्यांच्या अभंगात घार आकाशात भरारी घेत नाही, 'हिंडते'. घार हिंडते आकाशी. आपण बाजारात हिंडतो, ती आकाशात हिंडते. इतका साधा, घरचा शब्द, आणि अर्धा तास घारीकडे बघितल्यावर दुसरा कुठलाही शब्द तिथे बसत नाही हे कळतं. तिची पिल्लं खाली आहेत, ती कामाला बाहेर पडली आहे. जनाबाईंना त्या घारीचा सत्कार करायचा नव्हता, म्हणून शब्द अचूक पडला असेल.

घार मी एकदा हातातही धरली आहे. याच टॉवरवरची होती की दुसरी, देव जाणे. संक्रांतीनंतरची गोष्ट. माझं माहेर येवल्याजवळचं, तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंगाचे. मांजा गुंडाळायला येवल्याची स्वतःची आसारी आहे. बांबूच्या कामट्यांची, पिंपासारखी गोल, दोन हातांत धरून गरगर फिरवायची. आसारी धरणारा आणि पतंग उडवणारा यांचं जमलं नाही तर त्या दिवशी घरात जेवणं होत नाहीत. पतंगाबद्दल मला आकस नाही हे आधी सांगून ठेवते. पण सातवीतला एक मुलगा पुठ्ठ्याच्या खोक्यात टॉवेलमध्ये गुंडाळलेली घार घेऊन स्टाफरूममध्ये आला. नायलॉनचा मांजा पंखाच्या सांध्यात रुतला होता. त्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली देशभर बंदी घातली, आणि तो कुठे मिळतो हे सातवीच्या मुलांना पाठ आहे.

खोकं उचललं तर रिकामं वाटलं. पसरलेले पंख बघून आपल्याला वाटतं केवढं मोठं जनावर. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ पाच फूट असतात, माझ्या उंचीएवढे. सायन्सच्या लॅबमधल्या काट्यावर आम्ही तिला टॉवेलसकट ठेवलं, टॉवेल वजा केला. पाऊण किलो. एवढ्या वजनाची वांगी आमच्याकडे भरलं वांगं करायला लागतात. आणि डोळे? आपण फिकट, मांजरासारख्या डोळ्यांना घारे डोळे म्हणतो ना, तिचे तसे नव्हतेच. गडद तपकिरी होते, जवळजवळ काळे, आणि माझ्याकडे अजिबात न बघता खिडकीकडे लागलेले. पक्षिमित्र येऊन तिला घेऊन गेले. सांधा कापला गेला होता. जगेल, पण उडेल का ते सांगता येणार नाही असं म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही.

असो. कुरडया पलटायला हव्या होत्या.

पलटता पलटता एक गोष्ट लक्षात आली. मराठीत 'उडणं' हा बऱ्यापैकी बदनाम शब्द आहे. उडाणटप्पू, उडवाउडवी, पैसे उडवणे, खिल्ली उडवणे, 'उडत गेलास'. पोरगं हवेत आहे. पोरीला पंख फुटलेत. फार उडायला लागलीय. ही सगळी वाक्यं मी माझ्या कानांनी ऐकली आहेत आणि त्यातली शेवटची दोन याच भाचीबद्दल, तिच्याच गावात, गेली चार वर्षं. ती पुण्याला अभ्यासिकेत बसायला गेली तेव्हा. पहिल्या प्रयत्नात नाही झालं तेव्हा. दुसऱ्या प्रयत्नात नाही झालं आणि आलेलं स्थळ तिने नाकारलं तेव्हा तर विचारू नका. चौदा फोटोंतल्या दोघातिघांचे आवाज त्यात होते, हे मी नावं न घेता सांगते.

म्हणजे मुलगी तीच, आकाशही तेच. यादीत नाव येईपर्यंत ती उडत होती. नाव आल्याबरोबर तिने भरारी घेतली.

भरारीचा सरकारी अवतारही मला जवळून माहीत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांना येतं ते भरारी पथक. मी तालुक्याच्या एका केंद्रावर किती वर्षं पर्यवेक्षक होते. पथकाची जीप फाट्यावरून वळली की केंद्रात आधी कळायचं. कसं, ते कळायचं नाही. चहाच्या टपरीवरचा पोरगा एक विशिष्ट शिट्टी मारायचा. शिपाईमामा कारण नसताना पाण्याची बादली घेऊन वर्गावर्गातून फिरायचे आणि प्रत्येक दारात एकदा खोकायचे. मग खिडक्यांखालच्या गवतात चिठ्ठ्यांचा पाऊस. पथक आत येईपर्यंत सगळे वर्ग ध्यान लावून बसलेले. साहेब लोक दोन वर्गांतून चक्कर मारायचे, एखाद्याची कॉलर उलटी करून बघायचे, मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहे खायचे आणि जायचे. त्यानंतर मागच्या बाकावरून दबक्या आवाजात प्रश्न यायचा, "बाई, भरारी गेली का?"

एका चाचणीत मी 'भरारी घेणे' हा वाक्प्रचार वाक्यात उपयोग करायला दिला होता. एका मुलाने लिहिलं, 'भरारी पथक येताच बंड्याने खिडकीतून भरारी घेतली.' पैकीच्या पैकी दिले. अर्थ बरोबर, दोन्ही अर्थ बरोबर, आणि व्याकरणही.

निवडणुकीत हीच पथकं पैसे आणि दारू पकडायला फिरतात. त्यांच्या जोडीला नाक्यावर एक 'स्थिर सर्वेक्षण पथक' बसवतात. माझी नेमणूक दरवेळी स्थिरमध्ये. रात्री दोन वाजता रस्त्याकडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून गाड्यांच्या डिक्क्या बघायच्या. भरारीवाल्यांकडे निदान गाडी असते.

आणि जो पक्षी या कलेत खरा उस्ताद, त्याचं नाव भरारीशी कोणी जोडत नाही. गिधाड. माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेलं जनावर टाकलं की दहा-साडेदहापर्यंत आकाशात रिंगण धरलं जायचं. अंगाने जड असल्यामुळे गिधाडं घारीपेक्षाही उशिरा उठतात. हवा चांगली तापल्याशिवाय हलत नाहीत. 1973 साली पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्टवर एका विमानावर गिधाड आदळलं, तेव्हा विमान 37 हजार फुटांवर होतं. कुठल्याही पक्ष्याची याहून उंच नोंद नाही. पण 'आमच्या लाडक्या अमुकची गिधाडभरारी' असा फ्लेक्स लावून बघा. आमच्याकडचं ते रिंगण माझ्या डोळ्यांदेखत संपलं. गुरांना दुखण्यावर द्यायचं डायक्लोफिनॅक त्यांच्या मुळावर आलं. ते औषध टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. 2006 साली गुरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातलं एक राहणंही मुश्कील, इतकी गेली होती. माझ्या भावाने शेवटचं रिंगण कधी बघितलं ते त्याला सांगता येत नाही. मलाही येत नाही. एखादी गोष्ट शेवटची आहे हे बघताना कुठे कळतं.

संध्याकाळी मी भावाला दोन ओळी पाठवल्या. पहिलीत भाचीचं नाव, तिची निवड, आणि अभिनंदन. दुसरीत तिच्या आईचं नाव.

वहिनीबद्दल सांगायचं राहिलं. वहिनीकडे तीन गाई. डेअरीचा पगार दहा दिवसांनी होतो. चार वर्षं दर दहा दिवसांनी त्या पगारातले पैसे पुण्याच्या मेसला जात होते. भावाच्या कांद्याला कधी भाव होता, कधी नव्हता. दूध रोज होतं. पहाटे साडेचारला तिच्या गोठ्यात दिवा लागतो हे मी माहेरी गेल्यावर पांघरुणातून बघितलेलं आहे. उठले नाही कधी, हेही कबूल करते.

भावाचा फोन आला. "ताई, एवढंच? भरारी-बिरारी काहीच नाही?"

"नाही."

"बरं, टाकतो."

पंधरा दिवसांनी पूजेला गेले तेव्हा फाट्यावरच फ्लेक्स दिसला. दहा बाय आठचा. गरुड होता. गगनभरारी होती, सोनेरी. चौदाचे सोळा झाले होते. माझी पहिली ओळ बारीक अक्षरांत पंखाखाली आली होती, दुसरी नव्हती. भाऊ म्हणाला, "जागाच उरली नाही गं. फ्लेक्सवाला म्हणाला दोन फोटो वाढले." वहिनीला मी काही बोलले नाही. तिला ओळ होती हेच माहीत नव्हतं.

उन्हाळ्याचा वारा सुटला होता. फ्लेक्स बांधणारे लोक फ्लेक्सला मध्ये मध्ये अर्धचंद्रासारखे काप देतात, वारा आरपार जावा आणि सांगाडा कोसळू नये म्हणून. एक काप नेमका गरुडाच्या डाव्या पंखात होता. झुळूक आली की तो तुकडा उघडायचा, मिटायचा, आणि आवाज करायचा, भर्र, भर्र. मी एसटीची वाट बघत तिथे वीस मिनिटं उभी होते. तेवढ्यात भाचीचा फोन आला, ट्रेनिंगमधून. सज्जा कुठला मिळेल, म्हणजे कोणती गावं हाताखाली येतील, तिथे खोली मिळेल का, स्वयंपाक स्वतः करावा लागेल, आणि आत्या, ते फ्लेक्स काढायला सांग ना बाबांना, मला लाज वाटते.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर परत गेले. फ्लेक्स फाट्यावरून उतरला होता. आमच्याकडे फ्लेक्स कोणी टाकून देत नाही. कडब्यावर जातो, कांद्याच्या चाळीवर जातो. हा वहिनीने कोंबड्यांच्या खुराड्यावर घालून चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या होत्या. गरुड उलटा पडला होता, पाय वर करून, आणि त्याच्या पोटावर पावसाचं पाणी साचलं होतं.

खुराड्याच्या तोंडाशी कोंबडी पिलं घेऊन उकरत होती. एवढ्यात वरून एक खरी घार गेली असावी. मला दिसली नाही, अंगणावरून सावली तेवढी सरकली. कोंबडीने घशातून कर्रर्र असा आवाज काढला आणि सगळी पिलं धावत आत गेली. वहिनी हातातलं शेण तसंच ठेवून बाहेर आली, वर बघितलं आणि दोन्ही हात हलवत ओरडली, "हाऽऽ, हाऽऽ!" मग पदराने कपाळ पुसून मला म्हणाली, "चहा ठेवू का, ताई? साखर कमी ना?"